बसशेजाऱ्यांचा बेसबॉल

अमेरिकेतली एक अख्खी बेसबॉल टीम सिंगापूरच्या चोआ चू कांगमधल्या फ्लॅटमध्ये बसून चालवू शकेल असा माणूस साऱ्या पृथ्वीतलावर एकच होता, आणि तो सात वर्षं बसमध्ये माझ्या शेजारी बसला हे मी माझं भाग्य समजतो. त्यातली सहा वर्षं मी ते दुर्भाग्य समजत होतो, ही गोष्ट वेगळी.

जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये डावीकडची तिसरी खिडकी त्यांची. मूळचे साताऱ्याचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे आणि प्लँटमध्ये माझे साहेब. बसमध्ये मात्र ते एका सतत हरणाऱ्या टीमचे बिनपगारी मॅनेजर असत. तरुणपणी कंपनीने त्यांना आठ महिने अमेरिकेत ट्रेनिंगला पाठवलं होतं. बाकीचे लोक येताना परफ्यूम आणि कॅमेरे घेऊन आले, हे त्या गावची टीम घेऊन आले. ‘‘क्रिकेटवाल्यांना सल्ला द्यायला अख्खा भारत बसलाय,’’ ते म्हणत, ‘‘या बिचाऱ्यांना कोण आहे?’’

तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. बस निघता निघता सामना सुरू व्हायचा आणि गेटवर फोन जमा करेपर्यंत जेमतेम दोन डाव व्हायचे. डाव एकूण नऊ. उरलेले सात ते डोक्यात खेळायचे. दुपारी कँटीनमध्ये डबा उघडताना सुतकी चेहऱ्याने सांगायचे, ‘‘सातव्या डावात घात झाला.’’ पिचर, म्हणजे त्यांच्याकडचा गोलंदाज, दुसऱ्या डावातच कानाला हात लावत होता. म्हणजे दमला होता. पण तो शहाणा मॅनेजर काही त्याला काढणार नाही. संध्याकाळी फोन परत मिळाल्यावर निकाल तसाच निघाला, तर यांना रात्री जेवण जात नसे. टीम जिंकलेली निघाली, तर ‘‘नशिबाने वाचला गाढव,’’ एवढीच शाबासकी मिळे. दर रविवारी ते त्या मॅनेजरला ईमेल पाठवत. एकदा ‘आपल्या पत्राबद्दल आभार’ असं मशीनचं उत्तर आलं, तर त्याची प्रिंट काढून त्यांनी ती पासपोर्टच्या फोल्डरमध्ये ठेवली. वहिनी म्हणायच्या, ‘‘यांना खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद करायचं सुचत नाही, आणि पिचर कधी काढायचा ते म्हणे कळतं.’’

त्यांचा सिद्धांत मला पाठ झाला होता. दमलेला माणूस आपण दमलोय हे कधी सांगत नाही. म्हणून त्याने मार खाल्ला तर चूक त्याची नसते, मॅनेजरची असते. मी हो हो म्हणत डुलकी काढायचो.

मग एका वर्षी प्लँटचं शटडाउन आलं. सगळं बंद ठेवून दुरुस्त्या उरकायच्या, बारा-बारा तासांच्या पाळ्या. मुख्य तेच. सिंगापुरात नोकरी करायचा माझा पास त्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता, म्हणून कामसू दिसायला मी एकही सुट्टी घेतली नव्हती. बाराव्या दिवशी मी परमिटवर सह्या करत होतो. कुठला पंप रिकामा केलाय, कुठला उघडायला हरकत नाही, हे लिहून देणं माझं काम. ते दारात येऊन उभे राहिले, थोडा वेळ बघत राहिले आणि त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

‘‘ऊठ. घरी जा.’’

‘‘का, सर?’’

‘‘तिसऱ्यांदा कानाला हात लावलास.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाच्या बेसबॉलपायी माझा पास जाणार, अशी खात्री धरून मी कँटीनमध्ये जाऊन बसलो. वीस मिनिटांनी ते स्वतः आले आणि एक कागद समोर ठेवला. सकाळपासून मी सही केलेली सगळी परमिटं त्यांनी परत मागवली होती. रिकामा केला होता तो ‘ए’ पंप. मी उघडायला लिहून दिला होता ‘बी’. त्यात गरम तेल भरलेलं होतं.

‘‘फिटर?’’ माझ्या तोंडून एवढंच निघालं.

‘‘पाना लावला होता, नट फिरवला नव्हता. बाहेर चहा पितोय.’’

मी बाहेर जाऊन पाहिलं. तो खरंच चहा पीत होता, वर त्यात बिस्कीट बुडवत होता. मला रडू फुटलं. इतकं हलकं मला जन्मात पुन्हा कधी वाटलं नाही.

रिपोर्ट लिहावा लागलाच. पास गेला म्हणून मी मनाने आवराआवर सुरू केली होती. पण ‘कारण’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘दमलेल्या माणसाला उशिरा काढलं’, आणि खाली जबाबदार म्हणून स्वतःचं नाव. वरच्यांची बोलणी त्यांनी खाल्ली. माझा पास आला.

आता ते रिटायर होऊन साताऱ्याला गेले आहेत आणि सामना बघायला पहाटे साडेचारला उठतात. शटडाउन हल्ली माझ्याकडे असतं. परवा शटडाउनच्या दिवसांतच बसमधून त्यांना फोन केला, टीमची चौकशी केली.

‘‘हरणार. याने परत त्यालाच ठेवलंय,’’ ते म्हणाले. मग विचारलं, ‘‘तुझा कितवा दिवस?’’

‘‘अकरावा.’’

गेट आलं होतं, फोन जमा करायचा होता. तो देताना माझ्या लक्षात आलं की माझा दुसरा हात कानाशी आहे. मी आत जाऊन पेन दुसऱ्याच्या हाती दिलं आणि घरी परतलो.