तीन दगडांवरचं पाणी

लग्न होऊन मी सांगवीहून लासुर्ण्याला आले ती चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. माहेरी आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवर हंड्यात तापायचं. सासरी तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत बाभळीच्या ढलप्या आणि तुराट्या जाळायच्या, भोवतीचं पाणी तापायचं. त्याचा नियम एकच होता : गरम बादली काढायच्या आधी गार बादली ओतायची. तो मला कुणी सांगितला नाही. त्या घरात तो कधी सांगावाच लागला नव्हता.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दमा होता. सकाळी पाठीवर कढत पाणी घेतलं की कफ सुटायचा आणि दिवस निभायचा. हे पाणी काढून देणं माझ्याकडे आलं.

पौषात एकदा पाहुणे उतरले होते. मी बादलीमागून बादली काढत गेले, ओतली एकही नाही. तोटी कोरडी पडली तेव्हा आत जाळ धडधडत होता. घाईनं गार पाणी ओतलं, ते सगळं खालून निघालं आणि जाळ विझला. पाण्याविना तापून जोडांची कथलाची झाळ वितळली होती.

धाकट्या दिरानं विचारलं, "वैनी, सांगवीला आंघोळ करत्यात का न्हाय?"

बंब बैलगाडीतून बारामतीला तांबटाकडे गेला. त्यानं आठ दिवस सांगितले.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या चुलीवर गुऱ्हाळावरच्या गड्यांच्या भाकरी चालल्या होत्या. ती दुपारपर्यंत मोकळी होणार नव्हती. मी अंगणात तीन दगड मांडले, हंडा चढवला आणि जाळ घातला. सासूबाई धावतच आल्या.

"अगं, दारात तीन दगडांवर पाणी कुणाचं तापतं, ठावं न्हाय का तुला?"

"ठावं हाय, आत्याबाई. मयताचं. पण मामंजींना गार पाणी चालत न्हाय."

मामंजी ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. म्हणाले, "तापवू दे तिला. माझं पाणी मी जित्तेपणीच घेतो. मेल्यावर कढत काय न् गार काय!"

हसले ते एकटेच. हसता हसता धाप लागली.

पाच दिवस मी तसंच पाणी तापवलं. रोज सासूबाई हंड्याकडे पाठ करून बसायच्या. सहाव्या दिवशी पहाटे थंडी फार होती. पाणी तापायच्या आत मामंजींचा श्वास कोंडला तो सुटलाच नाही.

ते दम्यानं गेले. त्या थंडीत गावातले आणखी दोन म्हातारे गेले, त्यांच्या दारात कुणी आधी दगड मांडले नव्हते. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं. फारसा उपयोग झाला नाही.

माणसं जमली. धाकटा दीर दगड आणायला निघाला.

"कशाला हिंडतोस?" सासूबाई म्हणाल्या. "हायत की हितं."

हंडा अजून त्यावरच होता, खाली जाळही होता. मी दोन ढलप्या सारल्या. सवयीनं पाणी कढत होऊ दिलं. सासूबाई आल्या, त्यांनी बोट बुडवून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता गार पाण्याची बादली हंड्यात ओतली.