मागच्या गल्लीचा सहावा वाडगा

शेळके बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावं, असं संपादक मंडळानं कळवलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. इथं लिहिणारे बहुतेक बाईंचे विद्यार्थी, नाहीतर सहशिक्षक. मी नळ जोडणारा माणूस. शाळा नववीत सुटली. पुढचं जे येतं ते बघत आणि चुकत शिकलो. पण आमच्या वसाहतीच्या मागण्यांची यादी बाईंच्या खालोखाल मलाच पाठ आहे, हे मी संकोच न करता सांगतो. म्हणून लिहितो.

पहिली ओळख नळामुळंच झाली. बाई नुकत्याच शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. मी म्हणालो, "साधारण अर्ध्या तासात होईल." बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"साधारण म्हणजे किती?"

उभी हयात गणित शिकवलेल्या त्या. मी पंचवीस मिनिटं सांगितली आणि बाविसाव्या मिनिटाला हात पुसले. बाईंनी घड्याळ बघितलं आणि चहा टाकला. मग विचारलं, वसाहतीतली कुठली पाइप कुठून जाते ते ठाऊक आहे का. मी सगळं तोंडपाठ सांगितलं.

"मग कागदावर काढ, दत्ता. तू नसलास की कुणाला विचारायचं?"

प्रमाण धरून रेघ कशी मारायची हे त्यांनी मला त्यांच्या जेवणाच्या टेबलावर शिकवलं. सेंटीमीटरला पाच मीटर. प्रत्येक वॉल्व्ह, प्रत्येक जोड, कुठं पाऊण इंची पाइप आहे आणि कुठं अर्धा इंची, सगळं त्या नकाशात आलं. तीन महिने लागले. तसा नकाशा पालिकेच्या कचेरीतही नव्हता.

त्या काळी वसाहतीची दशा सांगायला नको. पाणी आठवड्यातून एकदा, रस्ता उखडलेला, दिवे बंद, बागेच्या जागेत बाभळी, नाला तुंबलेला. जो तो आपलं गाऱ्हाणं घेऊन एकटाच कचेरीत जायचा आणि तसाच परत यायचा. बाईंनी ठरवलं की यापुढं सगळ्यांची मिळून एकच दरखास्त जाईल. अर्जाला त्या अजून दरखास्तच म्हणतात. त्यांच्या वडिलांच्या तोंडचा शब्द आहे तो.

आधी काय मागायचं हे ठरवायची त्यांची रीत साधी होती. रविवारी सकाळी समाजमंदिरात पाच वाडगे मांडायचे: पाणी, रस्ता, दिवे, बाग, नाला. प्रत्येक घराला दहा चिंचोके. ज्याला जे हवं त्या वाडग्यात टाकावेत. चिंचोके बाईंच्या माहेरचे, करमाडच्या शेतातले. घरांची यादी माझ्या नकाशावरून काढली.

मोजणी झाली. रस्ता पहिला आला. वसाहतीचे सचिव काळेकाका कागदावर सही करणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बाई, हमकू नहीं मिले चिंचोके. हमारा घर गिनती में नहीं क्या?"

मागच्या गल्लीतल्या रझियाबी होत्या. तिथली घरं पुढच्या चौकातून हंडे भरून नेतात. बाईंनी नकाशा उलगडला. मागची गल्ली कोरी होती.

"दत्ता?"

"तिथं नळ नाय, बाई." मला तेवढंच सुचलं. जिथं जोडणी तिथं घर, असं धरून मी नकाशा काढला होता.

"नळ नाय म्हणून माणूस नाय व्हय?"

हे त्या मला एकट्याला ऐकू येईल इतक्या हळू बोलल्या. मोठ्यानं त्यांनी सांगितलं, "नकाशा मी तपासला होता. चूक माझ्या नजरेतून सुटली. पुढच्या रविवारी परत मोजू." आणि पाचही वाडगे पिशवीत रिते केले. चूक माझी होती हे त्या दिवशी कुणालाच कळलं नाही. मी इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

"सगळ्या वर्गाला परत परीक्षा," काळेकाका पुटपुटले. "पेपर फुटला का काय, बाई?"

"नाय, हजेरीच चुकली."

पुढच्या रविवारी सहावा वाडगा आला: मागच्या गल्लीला पाइप. तिथल्या प्रत्येक घरानं आपले दहाही चिंचोके त्यातच टाकले. तरी तो वाडगा शेवटचाच आला, घरंच थोडी. बाईंनी दरखास्तीत मात्र तीच मागणी पहिली लिहिली. काळेकाका लई चिडले.

"मग मोजलं कशाला आम्ही? खेळ होता का?"

"कोण किती आहेत ते कळायला मोजलं, काका. आधी कुणाचं ते मोजून कळत नाय."

काका दोन आठवडे बोलले नाहीत. मग पहिली सही त्यांनीच केली.

त्यानंतरचं सांगायला मला कंटाळा येतो, पण बाईंना आला नाही. साहेब बदलले की नकाशा नव्यानं उलगडायचा, पहिल्यापासून समजावायचं. एकदा दरखास्त सापडेना, एकदा सापडली तर ती दुसऱ्याच वसाहतीच्या कागदांत. बाईंचे गुडघे गेले. आता त्या रिक्षातून उतरताना माझा खांदा धरतात. रस्ता झाला, दिवे लागले, बागेत बाकडी आली. पाइपही शेवटी पडली. पण जोडणीचा हुकूम आला नाही. रझियाबींच्या उंबऱ्यापासून बावीस सेंटीमीटरवर त्या पाइपचं तोंड आहे आणि त्यावर टोपण मी माझ्या हातानं बसवलेलं आहे. रझियाबी अजून हंडा घेऊन चौकात जातात. मी त्या बाजूनं जायचं टाळतो.

परवा बाईंना म्हणालो, आता पुरे करा. त्या म्हणाल्या, "सोमवारी साडेदहाला ये. साधारण नको, साडेदहालाच."

ज्या दिवशी हुकूम येईल त्या दिवशी ते टोपण मी काढीन आणि नळाची चावी बाईंच्या हातानं फिरेल, असं रझियाबींनी आणि मी ठरवून ठेवलं आहे. तोवर बाईंचा हात धडधाकट राहिला पाहिजे आणि गुडघ्यांनी साथ दिली पाहिजे. कचेरीची चाल मी जवळून बघितली आहे. तेव्हा बाईंना आयुष्य मागताना आम्ही दोघांनीही हात आखडता घेतलेला नाही.