वांगी रंगाची घरगाडी आणि टपावरचा बोका

...आणि बोका काही टपावरून उतरेना. इथवर काल आलो होतो, तेवढ्यात जेवायची हाक आली आणि तो बिचारा तिथंच अडकून राहिला. तर पुढं ऐका.

दूधवाला आपली नव्यानं रंगवलेली गाडी न्यायला आला होता. पांढरीशुभ्र गाडी रंगाच्या शेडबाहेर भर उन्हात उभी, आणि टपाच्या अगदी मधोमध हा पिवळा बोका, चारी पाय पसरून, जावई सासुरवाडीला लोळतो तसा. दूधवाल्यानं टाळ्या वाजवल्या, शुक्‌शुक्‌ केलं, शेवटी बशीत दूध दाखवलं. बोक्यानं एक डोळा उघडला, दूध बघितलं, आणि डोळा पुन्हा मिटला. दूधवाला कंटाळून तशीच गाडी घेऊन निघाला, आणि बोका टपावर बसून सबंध बाजारातून मिरवून आला.

"बघा मखमल," दूधवाला परत येऊन म्हणाला, "तुमच्या मुकादमानं गाडी पास केली."

"त्याला काय कळतंय? मांजराला रंग कळत नाहीत."

"रंग कळत नसतील. बूड भाजलेलं तर कळत असेल?"

या बोक्याला सगळे मुकादम म्हणायचे, कारण तो दिवसभर काम न करता दुसऱ्यांच्या कामावर नजर ठेवायचा. आणि मखमल हा त्या शेडचा मालक, गाड्या रंगवणारा. हे काही त्याच्या आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. त्यानं रंगवलेल्या दारावरून हात फिरवला की लोक म्हणायचे, हा पत्रा आहे का मखमल? तेच नाव चिकटलं. आधी तो पत्र्याचे पोचे काढायचा, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरायचा, पाणी मारत मारत खरखरीत कागदानं घासायचा, मग अस्तर, मग रंग. मधेच डोळे मिटून दार चाचपायचा आणि सांगायचा, "इथं एक मुंगी राहिलीय." मुंगी म्हणजे बोटाला लागेल न लागेल असा कण. ती घासून काढल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नसे.

माणूस सोन्यासारखा. खोड एकच. रंग म्हटला की तो गडद पाहिजे. काळा, गर्द निळा, तपकिरी, दाट हिरवा. आता त्या गावचा उन्हाळा असा, की दुपारी डांबर चपलेला सोडत नाही आणि कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीचा पट्टा धरून चालतात. अशा ठिकाणी गिऱ्हाईक फिका रंग मागायचं, त्यात त्याचं काय चुकलं? पण मखमलचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं व्हायचं. "पांढरा हा काय रंग आहे? रंग लावायचा कंटाळा आला की जे उरतं ते पांढरं. गाडीच्या दारात बघून भांग पाडता आला पाहिजे." गिऱ्हाईक पांढरा मागायला यायचं आणि काळा घेऊन जायचं. एक दूधवाला तेवढा बधला नाही. "माझं दूध नासलं तर भांग पाडून काय करू?" म्हणाला. त्याची गाडी मखमलनं रंगवली, पण कडू औषध घ्यावं तशी, तोंड फिरवून.

तुम्ही म्हणाल, उभा जन्म गाड्या रंगवण्यात गेला, आणि गडद गाडी उन्हात किती तापते हे याला ठाऊक कसं नाही? गंमत तिथंच आहे. मखमलच्या उस्तादानं त्याला एक नेम घालून दिला होता. रंगाऱ्यानं आपण रंगवलेल्या गाडीत बसायचं नाही. का, तर रंग ओला असताना सदऱ्याचं बटण दाराला घासतं, एक ओरखडा उठतो आणि सगळं मुसळ केरात. उस्ताद गेले, नेम राहिला. रंग ओला असेतो मखमल आत बसायचा नाही, आणि वाळून खणखणीत झाला की गिऱ्हाईक गाडी घेऊन जायचं. याची सगळी हयात पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला गेली, तीही शेडच्या सावलीत. स्वतःचं येणंजाणं सायकलवर. जन्मभर चुलीपुढं बसावं आणि एक घास चाखू नये, तशातली गत.

त्याच शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याची बायको गाड्यांच्या गाद्या, खोळी, पडदे शिवायची. नवराबायको दिवसभर एका छपराखाली, पण बोलणं म्हणाल तर नाही. इकडून रंगाच्या फवाऱ्याचा फुस्स आवाज, तिकडून मशीनचा खडखडाट. ती काही बोलली की तो म्हणायचा, "काय?" आणि तो काही बोलला की ती म्हणायची, "थांबा, एवढी शिवण होऊ दे." शिवण व्हायची तोवर तो काय बोलत होता हे विसरायचा. म्हणून लग्न झालं तेव्हाच दोघांनी ठरवलं होतं, की हातपाय चालताहेत तोवर चाकांवर एक घर बांधायचं आणि निघायचं. वाटेल तिथं थांबायचं, आणि राहिलेलं सगळं बोलणं बोलून घ्यायचं.

तसं घर एकदाचं झालं. पाव पोचवणारी एक जुनी मोठी गाडी त्यांनी घेतली. शिकलेली माणसं अशा गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात. ही दोघं घरगाडी म्हणायची. आत भिंतीला मिटणारे दोन पलंग, एक शेगडी, खिडकीशी घडीचं टेबल आणि टेबलाखाली बायकोचं हातमशीन. टपाला एक झडप, वारा यायला. बायकोनं निळ्या फुलांचे पडदे शिवले. रंगाचं तेवढं राहिलं.

"जरा फिका लावा हं," ती म्हणाली.

"फिका रंग आजाऱ्याला," मखमल म्हणाला, आणि त्यानं वांगी रंग काढला. साधासुधा वांगी नव्हे. ताज्या वांग्याची पाठ असते ना, जांभळी म्हणावी तर काळी आणि काळी म्हणावी तर आतून उजेड मारणारी, तो. आठवडेच्या आठवडे तो त्या गाडीभोवती फिरत होता. मुंगीच काय, मुंगीचं पाऊल शिल्लक ठेवलं नाही. गाडी बाहेर काढली तेव्हा रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले, आणि न्हावी आपल्या दुकानातून कंगवा घेऊन आला आणि खरोखर दारात बघून भांग पाडून गेला.

त्याच सुमारास दूर समुद्राकाठी दिलेल्या लेकीला मुलगी झाली. मग काय, बेत पक्का. घरगाडी घेऊन नातीला बघायला जायचं. वाट लांबची, आणि मधे नुसतं उघडं माळरान, झाड म्हणून औषधाला नाही. बायको म्हणाली, आधी तळ्यापर्यंत जाऊन बघू. सकाळच्या गारव्यात दोघं निघाली, काचा खाली, वारा भरपूर. स्वतःच्या गाडीला गिऱ्हाईक कोण, म्हणून नेम मोडून मखमल गाडी चालवायला बसला आणि तळ्याशी पोचताच खाली उतरला. दुपारपर्यंत तो बाहेरच. कुणी येऊन गाडीला हात लावायचा, हा एका झाडाखाली उभा राहून अस्तर कसं दिलं ते सांगायचा. आणि बायको आत जेवणाचं बघत होती.

थोड्या वेळानं दार उघडलं. ती पायरीवर उभी, पदरानं मान पुसत, चेहरा तांब्याच्या हंड्यासारखा.

"अहो, आत या जरा."

"आलोच. यांना एवढं दार दाखवतो."

"लोणी वितळून चटईवर आलंय. कपाटाच्या कडीनं बोट भाजलं माझं. शेगडी मी अजून पेटवलीसुद्धा नाही."

"वारा पडलाय आज," मखमल म्हणाला.

ती लोणी पुसायला आत गेली. परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर मात्र शांतपणे म्हणाली, "नातीला बघायला मी बसनं जाते. तुम्ही या तुमचं वांगं घेऊन मागनं."

आता आली का पंचाईत? ज्या गाडीत बसून जन्माचं बोलायचं, ती गाडी तयार, आणि बोलायचं जिच्याशी ती बसनं चालली. मखमलला ते लागलं. पण रंग बदलायचा म्हणजे जीव जायचा. त्यानं आधी सगळ्या आडवाटा करून पाहिल्या. टपावर ओली पोती टाकली. पाणी झडपेतून झिरपून निळी फुलं भिजली. आत पंखा बसवला. पंख्यानं तीच गरम हवा इमानेइतबारे सगळ्या कोपऱ्यांत पोचवली. मग म्हणाला, "सावली बघत बघत जाऊ."

दूधवाला तिथंच होता. "माळावर कुठली सावली? झाडच लावा टपावर. वांग्याचं लावा, रंगाला रंग मिळेल."

बायको हसली, पण तिनं बसचं बोलणं काही मागं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन अगदी डोक्यावर आलं तेव्हा तिनं हाक मारली. "अहो, चहा ठेवलाय. आज गाडीतच घेऊ." गाडी शेडच्या भिंतीला लागून उन्हात उभी. मखमल गेला. चहाला तो कधी नाही म्हणत नसे, आणि तिनं टेबलावर त्याचा कानतुटका कपही काढून ठेवला होता. तो बसला. ती समोर बसली आणि पडद्याची मुडपलेली कड शिवायला लागली.

मखमलनं एक घोट घेतला. चष्म्यावर वाफ आली असं त्याला वाटलं, ती वाफ नव्हती, घाम होता. त्यानं सदऱ्याचं वरचं बटण काढलं. मग दुसरं काढलं. ज्या पत्र्यावर आपण बाहेरून गाल ठेवावा इतका जीव लावला, तोच पत्रा आतून तव्यासारखा धग टाकत होता. कोपऱ्यात मेणबत्ती ठेवली होती, ती हळूहळू वाकून त्याला नमस्कार करत होती.

"जरा उकडतंय," तो म्हणाला.

"हो का?" ती म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला.

तेवढ्यात वर झडपेतून सावली हलली. भिंतीवरून मुकादम आला होता. रोजच्या सवयीनं त्यानं टपावर उतरायला एक पाय पुढं केला, टेकवला, आणि झटकन उचलून घेतला. मग नको त्या पाहुण्याशी हात मिळवल्यावर झटकावा, तसा तो पंजा त्यानं हवेत झटकला. झडपेतून त्यानं खाली मखमलकडं एकदा बघितलं. आणि भिंतीवरून चालत चालत पलीकडं दूधवाल्याच्या गाडीच्या टपावर जाऊन आडवा झाला.

मखमलनं चहा तसाच खाली ठेवला. "मी बाहेर जातो," म्हणाला.

"पळताय?"

"नाही. कागद भिजत घालतो. घासायला घ्यायचंय."

ती त्याच्यामागं बाहेर आली. तिलाही वाईट वाटलं असणार, कारण ती म्हणाली, "सगळी नका घासू. नुसता टप पांढरा करा. बाजू राहू देत."

"अर्ध्या टकलाला कुणी टोपी घालतं का? करायचं तर पुरतं."

"मग खाली गोट ठेवा वांगी रंगाचा. कपड्याला लावतात तसा. बारीक."

ही गोटाची गोष्ट मखमलला पटली. मग त्यानं पांढरा घेतला, आणि इथं त्याची खरी परीक्षा झाली. काळ्यात, वांगीत धुळीचा कण पडला तर चकाकीत जिरून जातो. पांढऱ्यात तो तिळासारखा वर येऊन बसतो. चिलटं तर पांढरा रंग दिसला की लग्नाला यावं तशी येतात. एक कोपरा त्यानं कितीदा घासला असेल, त्याचं त्याला ठाऊक. घासता घासता पुटपुटायचा, "रंग लावायचा कंटाळा म्हणे. कुणी म्हटलं होतं हे?"

"तुम्हीच," बायको शिवणावरून मान वर न काढता सांगायची. फवारा बंद होता आणि मशीनही, म्हणून ऐकू गेलं. त्या दिवसांत दोघांचं बरंच बोलणं झालं म्हणतात.

गाडी पुन्हा उन्हात काढली. दुपारी मुकादम भिंतीवर आला. पाय टेकवला. थांबला. दुसरा टेकवला. मग टपाच्या मधोमध जाऊन, झडपेशेजारी, असा पसरला की जणू गाडी त्याच्याचसाठी रंगवली. बायको आत जाऊन बराच वेळ बसली, आणि बाहेर येऊन तिनं कपडे भरायला घेतले. बसचं नावसुद्धा काढलं नाही.

निघायच्या दिवशी दूधवाला मुद्दाम आला. पांढरी गाडी, खाली वांगी गोट, खिडकीत निळी फुलं, आणि वर बोका, त्याला उतरवता उतरवता दोघंही दमली. बायको आत जाऊन खिडकीशी बसली. मखमल गाडी चालवायच्या जागी बसून सदऱ्याची बटणं नीट लावत होता, तेव्हा दूधवाल्यानं विचारलंच. "काय मखमल, जन्मभर आमच्या पांढऱ्याला नावं ठेवलीत. आता एकदम आवडायला कसा लागला?"

मखमलनं मागं वळून बायकोकडं बघितलं, आणि म्हणाला, "आवडायला कुठं लागला? अजून डोळ्यांत खुपतो. पण आतून बघितलं तर गाडीचा रंग दिसतच नाही, दिसते ती ही, आणि ही घामाघूम असली की माझ्याशी बोलत नाही."