हैबतरावांनी लावलेला कौल

रिहे गावात हैबतरावांना सगळे भला माणूस म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! देवीच्या पूजेचा मान त्यांच्या घरात, बोलणं मऊ, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी फार्महाऊसवाल्याला जमीन विकली, तेव्हा रस्त्याला देवराईतले दोन हिरडे आडवे येत होते. देवराईतली वाळकी काडीसुद्धा गाव उचलत नाही. सारं गाव लग्नाला गेलेलं पाहून हैबतरावांनी भर दुपारी ते हिरडे पाडले. संशय गेला तिथे मेंढरं चारणाऱ्या धुळावर. गावानं देवीला कौल लावायचं ठरवलं. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना तांदळाचा एकेक ओला दाणा चिकटवायचा. उजवा आधी पडला तर पाप धुळाचं. दाणे चिकटवायचा मान हैबतरावांचा. डाव्या दाण्याला त्यांनी गुपचूप डिंक लावला.

उजवा पडला. धुळानं पाच वर्षं अनवाणी राहायचं, असं प्रायश्चित्त ठरलं. मेंढरांमागं डोंगर तुडवणाऱ्या माणसाला ही शिक्षा! चौथ्या वर्षी काटा चिघळला, पाय कापावा लागला आणि धुळा त्यातच गेला. हैबतराव मातीला गेले, रडलेसुद्धा.

परवा त्यांची नात गौतमी परदेशी शिकायच्या परीक्षेसाठी इंग्रजी शब्द पाठ करत होती. 'पिॲक्युलर' या शब्दाशी ती अडली, तेव्हा हैबतरावांनी सहज अर्थ विचारला.

"पापी, आबा. पण साध्यासुध्या चुकीला नाही लावत हा शब्द. प्रायश्चित्त केल्यावाचून सुटका नाही, अशा पापालाच लावतात."

"आन् ते करायचं कुणी?"

"ज्यानं पाप केलं त्यानंच की!"

हैबतरावांच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या सकाळी ते धुळाच्या बायकोच्या, तुकाबाईच्या दारात गेले आणि झाडापासून डिंकापर्यंत सगळं बोलून मोकळे झाले.

"गावापुढं कबूल करतो, तुकाबाई. अनवाणी ऱ्हातो मरस्तवर."

तुकाबाई शेळीला पाला घालत होती. तिनं मान वर केली नाही.

"मालकांनी तुमाला झाडं पाडताना बघितलं हुतं."

"मग बोलला का न्हाई त्यो?"

"बोलणार हुते. पर कौल पडला, आन् त्यांना वाटलं, देवी खोटं कशी सांगंल, आपलंच डोळं फसलं. तुमच्यावर मनात आळ घेतला म्हनून पाय सडला, आसं म्हनत गेले त्ये." आता तिनं वर पाहिलं. "त्यांना सांगायला कुटं जाता तुमी?"