पाठीवरचे गोल

“पाठ पाहिलीत तिची? माणसं आहेत की कसाई?”

शाळेच्या सिकरूममध्ये, पडद्यापलीकडे मिस कुणाला तरी हळू आवाजात सांगत होत्या. मी खाटेवर पालथी. खेळाच्या तासाला पडले होते, कुठे खरचटलं ते बघायला त्यांनी माझा शर्ट वर केला होता — आणि पाठभर जांभळे गोल.

यापुढचं मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. तुम्हाला सांगतानासुद्धा आधी इकडचं तिकडचं बोलावंसं वाटतंय.

तर — ते गोल तुंबडीचे होते. कणकेच्या पणतीत वात पेटवून ती पाठीवर ठेवायची, वर फुलपात्र पालथं घालायचं. ज्योत विझते, भांडं कातडीला घट्ट धरतं, मांस आत ओढलं जातं. दुखत नाही. खरं सांगू? बरं वाटतं.

लावणारी आमची आत्या, पप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर हसनाबादला सासरी तिला कुणी विचारीना, म्हणून ती जालन्याला आमच्याकडे राहत होती. पप्पा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात साहेब. असले गावठी उपाय इथं चालणार नाहीत, हे त्यांनी ती आली तेव्हाच तिला बजावलं होतं. मग हट्ट धरला कुणी? मी. पाठ भरून आली होती, गोळ्यांनी दुखणं थांबत नव्हतं. आणि गावाकडे तिनं तुंबडी लावलेल्या बायका हसत उठून जाताना मी पाहिल्या होत्या.

“न्हाई बाई. तुझ्या पप्पाला कळलं तं मला या घरात न्हाई ठेवायचा.”

नाही कळणार, म्हटलं. रडले. तेव्हा कुठे तिनं कणीक भिजवली.

मिस पडद्याआत आल्या. माझ्या केसांवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, “हू डिड धिस?”

तुंबडीला इंग्रजीत काय म्हणतात, मला ठाऊक नव्हतं. पण मिस पुण्याच्या होत्या — मराठीत सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण तो शब्द, त्या शाळेत, माझ्या तोंडून? त्यापेक्षा मार खाणारी मुलगी होणं मला सोपं वाटलं.

“माय आंट,” मी म्हटलं. अक्षरन् अक्षर खरं.

शाळेनं पप्पांना बोलावून घेतलं. काय काय ऐकवलं कोण जाणे, घरी आले ते लालबुंद होऊन. माझी पाठ पाहताच त्यांनी ओळखलं — मार नव्हे, तुंबडी. तेव्हाही सांगता आलं असतं. पण त्यांनी विचारलं ते असं —

“तू नको म्हणत होतीस ना? तरी लावली ना हिनं?”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. हो.

आत्या काहीच बोलली नाही. का नाही बोलली? हे मी स्वतःला इतकं विचारलंय, आणि तिला एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी पप्पांनी तिला हसनाबादच्या गाडीत बसवून दिलं. तिथं दिरानं गोठ्यालगतची खोली दिली. तेव्हापासून ती तिथंच. आमच्याकडे येते ती पाहुण्यासारखी, कार्यापुरती.

परवा माझ्या साखरपुड्याची बोलणी होती, म्हणून आली. चहाचे कप तीच गोळा करत होती. पप्पा रंगात आले होते.

“आमच्या अक्कापासून जपून हां! पोरीला धरून तुंबड्या लावल्या हिनं, अन् शाळेत मला उभं केलं चोरासारखं.”

“मंग आमच्या गुडघ्याला लावा की एखादी, आत्याबाई!” होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. आत्याही हसली — एका हातात ट्रे, दुसऱ्या हातानं तोंडाशी पदर. हसतच आत निघाली.

“आत्या, थांब,” मी म्हटलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“पप्पा, तुंबडी मी लावून घेतली होती. रडून. नको नको ती म्हणत होती.”