तेरचे पाहुणे आणि नऊ गोल

माझ्या धाकट्या दिरासाठी तेरहून पाहुणे येणार होते, घर बघायला. आता मुलीही सोबत येतात, तशी ही पण येणार होती. सासूबाईंनी सकाळपासून सगळ्यांना एकच बजावलं होतं, फुटबॉलचं नाव काढायचं नाही.

कारणही तसंच होतं. दिराचं येडशीत मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, हाताला काम आहे, स्वभाव गरीब आहे. पण आधीची दोन स्थळं फुटबॉलपायी गेली. एका घरून तर निरोप आला, की लग्नाच्या वयाचा मुलगा चड्डी घालून चिखलात लोळतो, आणि एवढं लोळूनही हरतो. हरण्याचं खोटं नव्हतं. फार मागं रेल्वेत बदलून आलेल्या एका माणसानं स्टेशनाच्या मागं पोरांना हा खेळ लावला. तो बदलून गेला, खेळ राहिला. आमचा संघ दरवर्षी धाराशिवला स्पर्धेला जातो आणि पहिलाच सामना हरून दिवस मावळायच्या आत घरी येतो. दीर त्या संघाचा गोलकीपर.

सासूबाईंना खरी धास्ती शेजारच्या चाचांची होती. ते शिंपी, सासऱ्यांचे जुने सोबती. संघाचे शर्ट तेच शिवतात. पाहुण्यांपुढं ते बसायला हवेतच, पण फुटबॉल म्हटलं की त्यांना धीर निघत नाही.

"भाऊ, आज तोंडाला टाका घाला," सासूबाई म्हणाल्या.

"भाभी, दुहेरी शिलाई मारतो," चाचा म्हणाले.

पाहुणे आले. मुलीचे वडील, आई आणि मुलगी. मी चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. बशा दारातूनच सासूबाईंच्या हाती दिल्या आणि आत उभी राहिले. मला चार माणसांत बोलता येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासऱ्यांशी मी मान हलवूनच बोलते.

सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात मुलीच्या वडिलांची नजर अंगणातल्या तारेवर गेली. दिरानं आपले जाड हातमोजे धुऊन तिथं वाळत घातले होते.

"वाइंडिंगला हातमोजे लागत्यात? करंट बसू न्हाय म्हणून व्हय?"

"व्हय, व्हय," सासरे घाईनं म्हणाले.

चाचांनी बशी खाली ठेवली. "करंट कसला, पाव्हणं? गोलकीपरचे हायती ते. बॉल सोडून बाकी सगळं अडवत्यात."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. पण मुलीचे वडील पुढं सरकून बसले. "फुटबॉल? धाराशिवच्या मैदानावर? अहो, आमचा तेरचा संघबी तिथंच हरतो की!"

मग काय, लग्न राहिलं बाजूला. कोण जास्त वाईट हरलं याचीच चढाओढ लागली.

"आमच्या पोरानं आमच्याच जाळीत गोल मारला," तेरचे पाहुणे म्हणाले, "आन् वर हात करून नाचला. त्याला सांगायला कुणाचा जीव होईना."

"आमचा कॅप्टन ऐन मॅचला आला न्हाय," चाचा म्हणाले. "सासुरवाडीला धोंड्याचं जेवण होतं त्याचं. इकडं आमी हरतोय, तिकडं ह्यो पुरणाचे धोंडे खातोय."

सासरे कधी फार बोलत नाहीत, पण त्यांनाही राहवलं नाही. "एकदा समोरचा संघ आलाच न्हाय. आमाला जिंकलेलं धरलं. आमी गुलाल उधळून ट्रॅक्टरवर बसलो, तर ते आले. टायर पंक्चर झालं होतं त्यांचं. मग पुन्ना खेळलो आन् हरलो. गुलाल अंगावर तसाच."

मुलीची आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला वाटलं, निभावलं. तोच चाचा बोलून गेले, "आन् ती नऊ गोलांची मॅच!"

हसणं थांबलं.

"नऊ?" मुलीच्या आईनं विचारलं. "गोलकीपर हेच होते?"

दिरानं मान खाली घातली. हेही स्थळ गेलं, हे सासूबाईंच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली मुलगी बोलली. "नववा गोल झाला तवा यांनी उडी मारली होती का? आठ झाल्यावर नुसते हुबे राह्यले, का उडी मारली?"

"आठवत न्हाय," दीर म्हणाला. "डोळ्यांत चिखल होता."

मुलीनं चाचांकडं पाहिलं. चाचांनी सासऱ्यांकडं. "आमी तर पाचव्यालाच उठलो," चाचा हळूच म्हणाले. "भजी खायला."

मी त्या दिवशी संघासाठी भाकरी घेऊन सासऱ्यांसोबत गेले होते. आमची माणसं उठली तेव्हा मी भिंतीच्या कडेला बसले होते. बाहेर जायचं तर समोरच्या संघाच्या ओरडणाऱ्या गड्यांमधून जावं लागलं असतं. तेवढा धीर मला झाला नाही. पदर पुढं ओढून मी तिथंच बसून राहिले आणि नऊच्या नऊ गोल पाहिले.

आता हे सांगणारं माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. मी चौकटीला धरून दारात आले.

"मारली," मी म्हणाले. "चुकीच्या अंगाला मारली, पर मारली. फाटक्या जाळीतनं बॉल बाभळीत गेला. आपली पोरं निघून चालली होती, तर भावजींनीच काट्यात शिरून आणला आन् पुन्ना जाऊन जाळीपुढं हुबे राह्यले."

सासरे माझ्याकडं असे बघत होते, जणू भिंतच बोलली.

"चुकीच्या अंगाला?" मुलीनं दिराला विचारलं.

"डावीकडं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. मुलगीही हसली. मग तिनं वडिलांकडं पाहून मान हलवली.

"रविवारी सुपारी फोडू," वडील म्हणाले.

"रविवारी मॅच हाय," दीर बोलून गेला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"मग सकाळीच उरकू की," मुलगी म्हणाली. "मॅच कितीला हाय?"

"चारला," मी म्हणाले. दिरानं तोंड उघडायच्या आधी.