देवी कुणाच्या हातात होती

पुण्याच्या नव्हे, दूर दक्षिणेतल्या शिवाजीनगरात गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या जयसिंगरावांची मुलगी रम्या इंग्रजी आणि तुलनात्मक साहित्य घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तुलना म्हणजे काय हे जयसिंगरावांना पक्कं ठाऊक होतं: दोन दुकानांतलं रेक्झिन चिमटीत धरून बघायचं आणि टिकाऊ ते घ्यायचं. त्याला एवढी वर्षं का लागतात, हेच कळत नव्हतं. रम्याला पुढे एम.ए. करायचं होतं. जयसिंगरावांनी मात्र तिच्यासाठी बँकेच्या परीक्षांचा क्लास हेरून ठेवला होता. गोष्टी वाचून काय मिळतं ते एकदा दाखव, मग बघू, असं ते म्हणत. आता हे काय पिशवीतून काढून दाखवायचं असतं?

तेवढ्यात भाऊबंदांतल्या मानसिंगकाकांच्या अभिराजचं लग्न ठरलं आणि लग्नाआधीचा गोंधळ आला. गोंधळ देवीचा, पण घालायचे जयसिंगराव आणि मानसिंगकाका. या घराण्याचे मूळ पुरुष दोन भाऊ, खंडोजी आणि मालोजी. फौजेबरोबर इकडे येताना ज्याने कुलदेवीची मूर्ती पोटाशी धरून नदी ओलांडली, त्याच्या वंशजाने दिवटी धरायची, अशी रीत. जयसिंगराव खंडोजीचे, मानसिंग मालोजीचे. मागच्या खेपेला दोघांनी दिवटी ओढता ओढता गोंधळ्याचा झगा पेटवला होता. यंदाचा गोंधळी आधीच चार हात लांब बसला होता.

अपेक्षेप्रमाणे सुरुवात झाली. मानसिंगकाका दिवटीकडे सरकले, जयसिंगरावांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. अभिराजच्या चेहऱ्यावरची हळद उतरली. अख्खं वर्ष एकच कथा तीन भाषांत वाचलेल्या रम्याला राहवेना. खरं कोण बोलतंय ते विचारायचं नाही, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवायच्या, ही खोड तिला आता लागली होती. दोघांनी आपापली गोष्ट पुन्हा एकदा सांगावी, असं तिने लाडिकपणे सुचवलं. पराक्रम सांगायला कोण नाही म्हणतो?

जयसिंगरावांचा खंडोजी दोन बुजलेल्या घोड्यांचे लगाम दोन हातांत धरून पाण्यातून येत होता. दोघा भावांची बहीण सोयराबाई बिचारी थंडीने काकडत, हात पदराखाली घेऊन मागून चालली होती. मानसिंगकाकांचा मालोजी एका हातात ढाल, दुसऱ्यात तलवार घेऊन लुटारूंना झोडपत होता. सोयराबाई भेदरून, हात पदराखाली घेऊन उभी होती.

"अप्पा, खंडोजींचे दोन्ही हात घोड्यांना. काका, मालोजींचे दोन्ही हात लढाईत," रम्या म्हणाली. "मग देवी कुणाच्या हातात होती?"

संबळवाल्याचाही हात थांबला.

"सोयराबाईचे हात दोन्ही गोष्टींत पदराखालीच आहेत. एकात थंडीने, एकात भीतीने. थंडी तुमची, भीती काकांची. पदर मात्र दोघांकडे तोच."

बायकांच्या बाजूने आधी कुजबुज उठली, मग हसू फुटलं. जयसिंगरावांची थोरली बहीण वेदिकाअक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. इतकी वर्षं तिने फक्त दिवटीला तेल घातलं होतं.

"सरा रे दोघं," ती म्हणाली, "घरच्या लेकीचा मान आहे."

तिने दिवटी उचलली, संबळ कडाडला आणि "उदे गं अंबे उदे" असा गजर झाला की वरच्या मजल्यावरचे पुण्याहून आलेले भाडेकरूसुद्धा जिन्यात येऊन उभे राहिले. अक्का नाचली. अभिराज नाचला. गोंधळी न जळता नाचला.

जेवणाच्या पंगतीत दोघे हरलेले वीर शेजारी बसले. "अण्णा, पोरगी वकील होणार काय?" मानसिंगकाकांनी विचारलं.

"छे. एम.ए. करणार," जयसिंगराव पंगतभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "तुलनात्मक."

मग पुरणपोळीवर तुपाची धार धरत ते हळूच पुटपुटले, "फक्त आमच्या आजोबांनी मारलेल्या वाघाची गोष्ट तिच्यासमोर काढू नकोस."